गाणाऱ्याला गाऊन घेता येतंच असं नाही

राष्ट्रगीत गायला सुमारे 52 सेकंद लागतात. त्याची सुरावट खाली मंद्र निषादापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'नी'पर्यंत, उतरते आणि वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला टेकते. 'भाग्यविधाता'च्या शेवटी ती निषादाला स्पर्श करून षड्जावर येते, 'जय हे'ला वर चढते. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी धरली, म्हणजे त्या सुराला 'सा' मानलं, तर पहिली ते सातवीच्या बहुतेक मुलांच्या गळ्यात हे सगळं सहज बसतं. आता कुठल्याही शाळेच्या पटांगणाबाहेर सकाळी उभं राहून ऐका. संगीताच्या बाई स्वतः खालच्या सप्तकातल्या काळी चारला गातात, म्हणून परिपाठही काळी चारला. बाईंच्या आवाजात आवाज मिळवायला गेलेली पोरं 'भाग्यविधाता'ला पोचेपर्यंत नुसती घरघरायला लागतात. गाणारे सर असतील तर पट्टी काळी एक. मग अर्धी मुलं वरच्या सप्तकात गातात आणि उरलेली सरांसारखा जाड आवाज काढायच्या खटपटीत खाली पुटपुटत राहतात. कुठे पेटीवर एखादे उत्साही गुरुजी असतात. ते पांढरी चार दाबतात आणि 'जय हे'ला किंचाळ्या सुरू होतात.

हे तिघंही चांगलं गाणारे असू शकतात. बाई विशारद असतील, सर अलंकार असतील. पण मुलांच्या गळ्याची पट्टी कोणती, हा प्रश्न त्यांना कुठल्याच परीक्षेत कुणी विचारलेला नसतो. महाराष्ट्रात संगीत शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल जे काही बोललं जातं, त्यात नेमकी हीच गोष्ट सुटून जाते असं माझं मत आहे. आपण शिक्षकाला अजून राग द्यायला बघतो, अजून प्रमाणपत्रं द्यायला बघतो. पन्नास मुलांसमोर उभं राहून त्यांच्याकडून गाऊन घेणं हे स्वतंत्र कसब आहे, ते गाण्याच्या मागोमाग आपोआप येत नाही, आणि शिकवावं तर लागतंच, पुढे जोपासावंही लागतं, हे आपण मानायलाच तयार नाही.

एकट्यानं गाणाऱ्याचा कान स्वतःकडे वळलेला असतो. तानपुऱ्यात आपला षड्ज मिसळला का, गंधार चढला का, सम चुकली का. वर्षानुवर्षांच्या तालमीनं हा कान धारदार होतो आणि तो तसाच व्हायला हवा. वर्ग गाऊन घेणाऱ्याचा कान मात्र बाहेर वळलेला लागतो. तिसऱ्या रांगेत डावीकडून लय मागे पडतेय, खिडकीजवळची चार मुलं एकच स्वर धरून बसलीत, 'विंध्य हिमाचल'च्या मधेच सगळे श्वास तोडतायत. हे एकाच वेळी ऐकू यायला हवं, आणि त्याहून अवघड म्हणजे यातली कुठली चूक आत्ता दुरुस्त करायची आणि कुठली उद्यावर टाकायची हे तिथल्या तिथे ठरवता यायला हवं. सगळ्या चुका एकदम सांगितल्या की मुलं गोंधळतात. एकही सांगितली नाही की तीच पक्की होते. स्वतः गात असताना हे ऐकूच येत नाही, आणि आपले बहुतेक संगीत शिक्षक पूर्ण तासभर मुलांबरोबर मोठ्यानं गात असतात, वर दोन्ही हात पेटीत अडकलेले. माझ्या मते चांगल्या प्रशिक्षणाची पहिली सूचना एवढीच असावी: पेटी बंद करा, गप्प बसा आणि ऐका.

ज्या मुलाला 'सूर लागत नाही' असं सांगितलं जातं त्याचंच बघा. समूहगीत स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेल्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही: मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांचे ओठ हलतायत, गळ्याची शीर मात्र हलत नाही. त्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं असतं, "तू नुसते ओठ हलव." बक्षीस मिळतं आणि तो मुलगा जन्मभर 'आपल्याला गाता येत नाही' असं सांगत फिरतो. खरं तर अशा बहुतेक मुलांचा सूर लागत असतो, फक्त तो शिक्षकाच्या सुराशी लागत नसतो. उपाय जुना आहे आणि साधा आहे. मुलाला त्याच्या मनानं कुठलाही एक स्वर काढू द्यायचा, शिक्षकानं आपला सूर त्याच्या सुराशी जुळवायचा आणि तिथून त्याला एकेक पायरी वर न्यायचं. आवाज डोक्यात कसा वाजतो हे कळत नसेल तर ॲम्ब्युलन्सचा भोंगा काढायला लावायचा, टिटवी काढायला लावायची. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई तिसरीच्या वर्गात हे करताना मी पाहिलं आहे. भोंगा खालून वर गेला तसा 'सूर नसलेला' एक पोरगा तार षड्जाच्याही पुढे निघून गेला आणि वर्ग खो खो हसला. बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "हां, हाच धर. आता यावर 'जय' म्हण." त्यांना हे कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाल्या, कुणी नाही, पोरांनीच. असं शिकायला त्यांची कितीतरी वर्षं गेली असणार. नव्या शिक्षकाला ते एका दुपारी दाखवता येईल.

मुलग्यांचा आवाज फुटतो त्या वयाचं तर नावच नको. सातवी-आठवीत आवाज घोगरा झाला की मुलाला गाण्यातून काढून टाळ नाहीतर खंजिरी हातात देतात. खालच्या चार-पाच स्वरांत तो छान गाऊ शकतो. तेवढ्याच स्वरांत त्याच्यासाठी एक ओळ बेतून द्यायला शिक्षकाला यायला हवी. ते आलं तर वर्षभरानंतर तो भरदार आवाज घेऊन परत येतो. नाही आलं तर तो कायमचा गेला.

शिक्षक तयार करण्याचा विचार आपल्याकडे नव्हता असं नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हाच त्यांना कळलं होतं की संगीत घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं तर गवयांइतकीच शिकवणाऱ्यांची गरज पडणार. त्यासाठी त्यांनी 'उपदेशक' वर्ग चालवला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही त्यांच्या शिष्यांची फळी; यांतल्या बहुतेकांनी पुढे गाण्याइतकंच शिकवण्यालाही आयुष्य दिलं. पलुस्कर गेले त्याच वर्षी, 1931 मध्ये, गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी गावोगाव पोचली. या शिडीचे उपकार मी मानतो. तालुक्याच्या गावात बसून यमन आणि भूप शिकता आले ते तिच्यामुळेच. पण शिडीच्या प्रत्येक पायरीवर परीक्षकापुढे उमेदवार एकटा बसतो आणि एकटाच गातो. वरच्या पायरीवरून उतरून तो शाळेत जातो तेव्हा समोर साठ मुलं असतात, घंटा पस्तीस मिनिटांची असते आणि शेजारच्या वर्गात गणित चालू असतं. इथे विलंबित ख्यालाचा काय उपयोग?

समूहाकडून गाऊन घेण्याचं शास्त्र पाश्चात्त्यांचं, आपलं संगीत एकट्याचं, असा एक आक्षेप हमखास येतो. तो मला पटत नाही. वारीत समाज आरतीच्या वेळी काय होतं ते आठवा. शेकडो टाळ वाजतायत, आसमंत दणाणतोय. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सगळं शांत. इतक्या माणसांचा नाद एका हाताच्या हालचालीवर थांबवणं, आणि तो थांबेल याची खात्री असणं, यालाच जगभर वृंदसंचालन म्हणतात. दिंडीत विणेकरी अभंग उचलतो, टाळकरी तो घेतात, मृदंगाची लय कुठे वाढवायची ते सगळ्यांना आतून कळतं. आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली ती कीर्तनकार घडवण्यासाठीच. म्हणजे समुदायापुढे उभं राहणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे वारकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. ते आपल्या शिक्षण खात्याच्या गावी नाही.

गोव्यात तर याची पक्की व्यवस्थाच होती. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना सोल्फा (दो-रे-मीची सरगम) आणि व्हायोलिन शिकवणारा मेस्त्रे हा गावचा पगारी माणूस. तोच चर्चचा वृंद बसवायचा, तोच उपासकाळातल्या मिरवणुकांसाठी मोतेत, म्हणजे अनेक आवाजांत गायची भक्तिगीतं, रचायचा, आणि हाताखालच्या हुशार पोरातून पुढचा मेस्त्रेही तयार करायचा. पोर आधी वृंदात गायचं, मग धाकट्यांना सोल्फा घोकवायचं, मग मेस्त्रे आजारी असेल त्या रविवारी वृंदापुढे उभं राहायचं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची मांडणी करणारे जे गोवेकर पुढे आले त्यांची बाराखडी याच शाळांतली. त्यांतले एक, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये वृंद सांभाळत. ही व्यवस्था पोर्तुगीज राजवटीत धर्माच्या गरजेतून उभी राहिली हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही, आणि ती जशीच्या तशी उचलताही येणार नाही. तिच्यातली एकच गोष्ट मला हवी आहे: संचालक तयार होतो तो वृंदातूनच, जाणत्या माणसाच्या डोळ्यांसमोर. मुंबईत वृंदसंचालक व्हिक्टर परंज्योती 1967 मध्ये गेल्यावर त्यांच्या अकादमी कोरस या गायकवृंदाची धुरा कुमी वाडियांनी घेतली आणि ती कित्येक दशकं वाहिली. त्याही परंज्योतींच्याच वृंदात गाणाऱ्या.

आता आपल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळू. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. आकडा उत्तम आहे. पण संगीत शिक्षकाच्या वाट्याला त्यात काय येतं? मोबाइलवर चित्रफिती, त्यानंतर बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्राची पीडीएफ. सेवेची 12 वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, 24 झाली की निवड श्रेणीचं. वेतनवाढ त्यावर अवलंबून असल्यानं लोक ते इमानेइतबारे पुरं करतात. त्यात मूल्यमापन असतं, तंत्रज्ञान असतं, अहवाललेखन असतं. गळा, श्वास, पट्टी, हात यांतलं काही येईल अशी अपेक्षाही कुणी ठेवत नाही. संगीत शिक्षक शाळेत एकटाच असतो. मराठीचे तीन शिक्षक मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारू शकतात, याला विचारायला कुणी नाही. रुजू झाल्यापासून 58 व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्याचा तास जाणकार कानानं ऐकायला एकही माणूस वर्गात येत नाही. तपासणीला साहेब येतात ते टाचणवही बघतात, सही करतात आणि एक स्वागतगीत ऐकून जातात.

आणि संगीत शिक्षक नेमलेला असेल तरच हे. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं आहे. त्या एका जागेत चित्रकला, नृत्य, नाट्य, संगीत सगळं कोंबायचं. खालच्या वर्गांना तेवढंही नाही. म्हणजे राज्यातल्या बहुतेक मुलांकडून रोज गाऊन घेणारी व्यक्ती ही साधी वर्गशिक्षिका असते. प्रशिक्षणाचा विचार तिच्यापासून सुरू करायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे. 2023 मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं आणि शाळाशाळांतून ते रोज लागायला लागलं. 'लागायला' हाच शब्द बरोबर आहे, कारण बहुतेक ठिकाणी ध्वनिक्षेपकावर ते लागतं आणि मुलं त्यावर ओरडतात. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि ती गायली शाहीर साबळ्यांनी. तो भर कमावलेल्या शाहिरी गळ्याचा. आठ वर्षांच्या मुलीनं त्या आवाजाशी बरोबरी करायची तर ओरडण्याखेरीज तिच्या हाती काय आहे? शासनाचा निर्णय शाळेत पोचला, गीताची फाइल पोचली. लहान मुलांनी हे कुठल्या पट्टीत गावं, श्वास कुठे घ्यावा, एवढं सांगणारा माणूस तेवढा पोचला नाही.

कोडाय या हंगेरियन संगीतकारानं 1929 मध्येच लिहून ठेवलं होतं की राजधानीतल्या ऑपेरा हाउसचा संचालक कोण यापेक्षा किश्वार्डासारख्या आडगावात गाणं शिकवायला कोण आहे हे जास्त महत्त्वाचं. वाईट संचालक फार दिवस टिकत नाही, पण वाईट शिक्षक तीस वर्षं एकेका वर्गाच्या मनातून संगीत मारत राहतो. सवाई गंधर्वला यंदा कोण गाणार यावर आपल्याकडे नोव्हेंबरपासून चर्चा रंगते. ती रंगावीच. मीही तिच्यात असतो. किश्वार्डा मात्र आपल्या चर्चेत येत नाही.

मग करायचं काय? नवी संस्था काढू नका, एवढी माझी पहिली विनंती. संस्था निघाली की इमारत होते, इमारत झाली की उद्घाटन होतं, आणि त्या उद्घाटनाला स्वागतगीत बसवायची जबाबदारी पुन्हा त्याच अप्रशिक्षित बाईंवर येते. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, आणि केंद्राच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसतात ती शिक्षण परिषद आहे. परिपत्रकं वाचून दाखवण्यात तिचा बराच वेळ जातो हे तिथे बसलेला कुणीही सांगेल. त्यातला पाऊण तास गाण्याला द्या. आलेल्या शिक्षकांचाच वृंद करा. एकानं पुढे यावं आणि बाकीच्यांकडून दोन ओळी गाऊन घ्याव्यात: हात वर जाताना सगळ्यांचा श्वास, खाली येताना सूर, मूठ मिटली की सगळे बंद. मग दुसऱ्यानं यावं. मागे एक जाणता माणूस उभा असावा, आणि त्यानं प्रत्येकाला एकच गोष्ट सांगावी. सात सांगू नयेत. पुढच्या परिषदेत त्याच बाई पुन्हा पुढे आल्या की ती गोष्ट सुधारली का तेवढंच बघावं. विशारद शिक्षकालाही इथे वर्गशिक्षिकेच्या शेजारी उभं राहावं लागेल. काहींना ते जड जाईल. जाऊ द्या.

जाणता माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक तालुक्यात समूहगान बसवणारे दोन-चार शिक्षक असतात, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेले जुने लोक असतात, चर्चच्या वृंदाची तालीम घेणारा कुणीतरी असतो, भजनी मंडळाचे बुवा असतात. संगीतकार वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावलं होतं त्याच्या आठवणी सांगणारे शिक्षक अजून भेटतात. या लोकांना आधी एकत्र बसवून मुलांच्या आवाजाबद्दल चार गोष्टी पक्क्या करून द्याव्या लागतील, कारण बुवांनाही पोरांना काळी तीनला चढवायची सवय असते. 'डाएट'नं, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेनं, जिल्ह्यात वर्षाला एक शिबिर घेतलं तरी सुरुवातीला पुरे. आणि मेहरबानी करून या सगळ्याला अॅप नको. चित्रफितीतला तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी तुमच्या वर्गातली तिसरी रांग त्याला ऐकू येत नाही.

जिथे वर्गाला छप्पर नाही, दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेलेला, तिथे गाण्याच्या प्रशिक्षणाचे लाड कशाला, असंही विचारलं जाईल. छपराचा प्रश्न खरा आहे आणि तो आधी सुटायला हवा, याबद्दल वाद नाही. पण त्या शाळेतही उद्या सकाळी साडेदहाला मुलं रांगेत उभी राहून गाणारच आहेत. रोज पंधरा मिनिटं, आठ वर्षं. एवढा वेळ शाळेत इतर कुठल्याही कलेला मिळत नाही. तो आपण दिलेलाच आहे, पगारही दिलेलाच आहे. पेटी नसली तरी चालेल, मोबाइलवर षड्ज लावता येतो.

शिक्षण खात्यातल्या कुणी हे मनावर घेतलंच तर दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. परिषदेतले हे तास धोरणानं सांगितलेल्या त्या 50 तासांत धरले जातील असं लेखी द्यावं, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात अर्धे लोक येणार नाहीत. आणि बुवांना, चर्चमधल्या त्या माणसाला, निवृत्त सरांना बोलवायचं तर त्यांचं मानधन आणि एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्यावं. शाल-श्रीफळावर त्यांना आजवर पुष्कळ बोलावून झालं आहे.